बेचके

लाल दिवा दिसला की रस्ता रिकामा असला तरी मी सायकलवरून उतरून उभा राहतो. मागून येणारे विद्यार्थी हसतात आणि पुढे निघून जातात. ग्रंथालयाचे पुस्तक एक दिवस उशिरा परत करायचे झाले तर मला रात्री नीट झोप येत नाही. अशा माणसाने कधी कायदा मोडला असेल, असे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण मी तो मोडला आहे, आणि तोही परमुलखात जाऊन, सलग सहा दिवस. साथीला अकरा वर्षांचा भाचा होता आणि गुन्ह्याचे साधन आमच्या आबांनी स्वतःच्या हातांनी करून दिले होते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ताईकडे अमेरिकेला गेलो. ताई आणि दाजी न्यू जर्सीत राहतात. तिथे आपल्या माणसांची इतकी वस्ती आहे, की वाण्याच्या दुकानात मेतकूट मिळते आणि गणपतीच्या वर्गणीवरून भांडणेही होतात. मी निघण्याच्या आदल्या दिवशी गावी आबांच्या पाया पडायला गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आबांनी कोनाड्यातून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. मी फडके सोडले. आत गलोल होती.

गलोल म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. पण आबांची गलोल सांगायलाच हवी. पेरूच्या झाडाचे दोन्ही बाजूंनी सारखे वळलेले बेचके त्यांनी महिनाभर शोधले होते. साल काढून, सावलीत वाळवून, काचेच्या तुकड्याने तासून त्याला गोडेतेल पाजले होते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये जुन्या चपलेच्या कातड्याचा तुकडा आणि बांधायला मेणदोरा. आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. तरी गाठ एकीसारखी एक होती.

"पोराला दे," आबा म्हणाले. "म्हणावं, आज्यानं केलीय. आणि आपला नियम सांग."

तो नियम काय होता हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

मी दहा वर्षांचा असेन. त्या काळी गावातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात गलोल असे. पाटीवरच्या अक्षरापेक्षा चिंचेवरच्या आकड्याचा नेम चांगला असणे ही जास्त मानाची गोष्ट होती. आमच्या विहिरीच्या काठावर एक साळुंकी येऊन बसायची. एके दुपारी मी नेम धरला, आणि तो लागला. साळुंकी काठावरून खाली पडली. मी ती उचलून धावत आबांकडे गेलो. माझी छाती फुगली होती. आबा मळ्यात दारे धरत होते. त्यांनी खोरे बाजूला ठेवले, पाखरू माझ्या हातातून घेतले, पाहिले आणि पुन्हा माझ्याच ओंजळीत ठेवले.

"धर," ते म्हणाले. "गार होईपर्यंत धर."

रागावले नाहीत, हातही उगारला नाही. पुन्हा खोरे उचलून पाणी वळवू लागले. मी बांधावर बसून राहिलो. एवढेसे पाखरू, पण ते गार व्हायला किती वेळ लागतो हे ज्याने धरले त्यालाच कळेल. शेवटी आबांनी बांधाच्या कडेला खड्डा केला, पाखरू पुरले, आणि माझ्या गळ्यातली गलोल घेऊन तिच्या पट्ट्या सोडल्या. रबर आणि कातडे त्यांनी कनवटीला लावले. नुसते बेचके माझ्या हातात परत दिले.

"हे ठेव तुझ्याजवळ."

पुढे सात-आठ महिन्यांनी जोंधळा हुरड्यात आला. पाखरांचे थवे उतरू लागले. एका सकाळी आबांनी आपण होऊन विचारले, "गलोल पाहिजे का?" मी मान हलवली. "कशाला पाहिजे?" मी म्हणालो, "पाखरं हाकलायला." तेव्हा त्यांनी माझ्यासमोर बसून पट्ट्या पुन्हा बांधल्या आणि नियम घालून दिला : चालत्या-उडत्या जिवावर नाही, आणि कशाला पाहिजे ते आधी सांगायचे, मग रबर.

असो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझ्याकडे लोणच्याची कसून चौकशी केली. गलोलीबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही. भाच्याला ती दिली तेव्हा त्याचे डोळे असे चमकले, की ताईने आणलेली सगळी यांत्रिक खेळणी त्या क्षणी फिकी पडली. मी त्याला आबांचा नियम सांगितला. मग आम्ही मामा-भाचे घरामागच्या अंगणात कुंपणाच्या फळीवर रिकामे डबे मांडून नेम धरू लागलो. पाच दिवस डब्यांचे पत्रे दणदणत होते. मी त्याला पट्टी कानापर्यंत कशी ओढायची, एक डोळा का मिटायचा नाही, हे शिकवत होतो. तो मला मोडक्यातोडक्या मराठीत विचारत होता, "मामा, आजोबा तुला पण असंच सांगायचे?"

सहाव्या दिवशी शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी आले. मोठे सज्जन. त्यांनी गलोल हातात घेतली, लाकडावरून अंगठा फिरवला आणि कामाची तारीफ केली. आपल्या लहानपणी प्रत्येक पोराच्या मागच्या खिशात ही असे, असेही म्हणाले. ते मला पटले. १९५१ साली तिकडच्या वर्तमानपत्रांत अवतरलेला डेनिस नावाचा तो जगप्रसिद्ध वात्रट पोरगा आपल्याकडेही माहीत आहे; त्याच्या मागच्या खिशातून गलोलच डोकावत असते. मग ते गृहस्थ आवाज उतरवून म्हणाले, "जरा जपून. आपल्या राज्यात ही ठेवायला बंदी आहे, असं मला वाटतं."

संध्याकाळी दाजी कामावरून आले तेव्हा ताईने त्यांना हे सांगितले, आणि घरात एकदम शांतता पसरली. दाजींना त्या देशात येऊन बरीच वर्षे झाली आहेत. पण कायमच्या वास्तव्याचा परवाना, ज्याला सारे ग्रीन कार्ड म्हणतात, तो अजून हातात पडलेला नाही. भारतातून गेलेल्यांची त्यासाठीची रांग वर्षानुवर्षांची असते. त्या अर्जात एक प्रश्न असतो : तुम्हाला कधी अटक झाली आहे काय? दाजी मला नेहमी थट्टेने 'मास्तर' म्हणतात. त्या रात्री ते थट्टेने म्हणाले नाहीत.

"मास्तर, आधी कायदा काय तो वाचून काढू. तुम्ही शब्दांचे जाणकार. बसा माझ्याबरोबर."

जेवणे उरकून आम्ही दोघे संगणकापुढे बसलो ते पहाटे दोनपर्यंत. अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यतः ज्या-त्या राज्याचा असतो. आपल्याकडे १८६० सालचा दंडविधान गुजरातेत एक आणि महाराष्ट्रात दुसरा असा नव्हता. १ जुलै २०२४ पासून आलेली न्यायसंहिताही तशी नाही. तिकडे मात्र पन्नास राज्ये आणि पन्नास संहिता. आपण नदी ओलांडली की बोली बदलते; त्यांच्याकडे नदी ओलांडली की गुन्हा बदलतो.

शेजाऱ्यांचे म्हणणे खरे होते. न्यू जर्सीच्या संहितेत बंदी असलेल्या हत्यारांची एक यादी आहे. खटक्याची सुरी, खंजीर, लोखंडी मूठ, वाळू भरलेला सोटा, आणि त्याच पंगतीत गलोल! सांगता येण्याजोगा कायदेशीर हेतू नसताना ती जाणूनबुजून जवळ बाळगली तर तो चौथ्या दर्जाचा गुन्हा, आणि शिक्षा अठरा महिन्यांपर्यंत. दाजींनी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचले. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज थोडा बसला होता.

मग आम्ही शेजारची राज्ये पाहिली. उत्तरेला न्यूयॉर्क. तिथल्या यादीत साधी गलोल नाही. पण मनगटाला टेकू देणारी, कोपरापर्यंत आधार असलेली जी नव्या तऱ्हेची गलोल निघाली आहे, ती आहे. म्हणजे आबांची चालेल, कारखान्याची चालणार नाही! पश्चिमेला नदीपलीकडे पेनसिल्व्हेनिया. तिथल्या राज्याच्या यादीत हा शब्दच सापडला नाही. त्याहून वर मॅसॅच्युसेट्सची तऱ्हा तर अजबच. तिथे गलोल बनवणे आणि विकणे यावर बंदी, आणि त्याच ओळीत वाटाणे फुंकून मारायच्या नळीवरही बंदी. मात्र गलोलीच्या नेमबाजीचे सामने भरवणाऱ्या मंडळांसाठी ती बनवायला आणि त्यांना विकायला मोकळीक आहे. जवळ बाळगण्याच्या बंदीचे कलम वेगळे, आणि त्यातल्या यादीत गलोलीसारखाच दिसणारा, पण गलोल नव्हे असा एक शब्द.

त्या शब्दापाशी मी थबकलो. इंग्रजीत गलोलीला 'स्लिंगशॉट' म्हणतात. आणि हा शब्द होता 'स्लंगशॉट'. एका स्वराचा फरक! दाजी म्हणाले, "छापायची चूक असेल." मलाही आधी तसेच वाटले. पण मास्तरकीची खोड, कोश उघडला. आणि उघडल्यावर माझे कान तापले.

स्लंगशॉट ही अगदी वेगळी वस्तू आहे. दोरीच्या किंवा चामड्याच्या पट्ट्याच्या टोकाला शिशाचा किंवा लोखंडाचा गोळा गुंडाळलेला असतो. जहाजावरचे खलाशी दोर लांब फेकताना त्याच्या टोकाला असे वजन बांधत. पुढे बंदरातल्या गुंडांनी तेच वजन खिशात घालून माणसांच्या डोक्यात घालायला सुरुवात केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून निरनिराळी राज्ये त्यावर बंदी घालू लागली. त्या सुमारास आजची रबरी गलोल जेमतेम जन्माला येत होती. कारण ताणून पुन्हा पूर्ववत होणारे टिकाऊ रबर करण्याच्या कृतीचे गुडइयरचे पेटंटच मुळी १८४४ सालचे. कॅलिफोर्नियाच्या यादीत आजही स्लंगशॉटच आहे. घाईने वाचणारा तो शब्द गलोल म्हणून वाचतो आणि नसती बंदी स्वतःवर लादून घेतो.

माझे कान तापले ते याचसाठी. आमच्याकडे भाषांतराची एक अभ्यासपत्रिका असते. तिच्यासाठी मी बरीच वर्षे लिंकनच्या वकिलीतल्या एका प्रसिद्ध खटल्याचा उतारा देत आलो आहे. १८५८ साली इलिनॉयमधल्या बीअर्डस्टाउन येथे डफ आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणावर खुनाचा खटला चालला. साक्षीदार म्हणत होता, की चांदणे चांगले होते, म्हणून मी हल्ला स्पष्ट पाहिला. लिंकनने पंचांग काढून दाखवले, की त्या वेळी चंद्र मावळतीला पार खाली गेलेला होता. आणि आरोपी सुटला. साक्षीत ज्या हत्याराचा उल्लेख आहे त्याचे भाषांतर मी फळ्यावर स्वच्छ अक्षरात 'गलोल' असे लिहून देत असे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलेही होते, "सर, इतक्या जवळून गलोल कशी मारली असेल?" मी तिला म्हणालो होतो, "मूळ वाच." मूळ मीच नीट वाचले नव्हते. ते हत्यार स्लंगशॉट होते. एवढी वर्षे कित्येक मुलांच्या वह्यांत एक निरपराध गलोल खुनाच्या आरोपाखाली पडून आहे, आणि तिला सोडवणारा लिंकन कुणी नाही.

तेव्हा कायदे लिहिणाऱ्यांना हसण्याचा अधिकार मला उरला नाही. शब्द नेमका असेल तर कायदा नेमका. शब्द घसरला की निरपराधीही सापडतो. आणि मराठीत तरी काय मोठा उजेड आहे? गोफण आणि गलोल यांची गल्लत करणारी सुशिक्षित माणसे मी रोज पाहतो. गोफण दोरीची, डोक्याभोवती गरगर फिरवून एक टोक सोडायचे. गलोल रबराची. आणि 'गलोल' हा शब्द फारसीकडून आला तेव्हा तिला रबर कुठले! ती मातीच्या गोळ्या मारायची लहानशी धनुकली होती. वस्तू बदलली, नाव तेच राहिले.

पण मध्यरात्री शब्दांची ही मौज चालली असताना खोलीच्या दारात ताई उभी होती. ती म्हणाली, "मग आता काय? टाकून द्यायची?"

दाजी बोलले नाहीत. त्यांच्या अंगावर घराचे कर्ज, मुलाची शाळा, वर्षानुवर्षांची रांग. ताईच्या डोळ्यांपुढे एका डोळ्याने मेणदोऱ्याच्या गाठी मारणारे आबा. दोघांपैकी चूक कुणाचीच नव्हती. "मुलानं डबे पाडावेत, हा कायदेशीर हेतूच आहे की!" मी म्हणून पाहिले. दाजी म्हणाले, "आहे. पण मास्तर, तो हेतू मला कुणाला तरी सांगावा लागेल. मला तो सांगण्याची वेळच येऊ द्यायची नाही."

'सांगता येण्याजोगा हेतू.' ते शब्द मला कुठे तरी ऐकल्यासारखे वाटत होते. कुठे, ते मला त्या क्षणी उमगले. 'कशाला पाहिजे ते आधी सांगायचे, मग रबर.'

मी उठलो. भाच्याच्या उशाशी ठेवलेली गलोल आणली, आणि मेणदोऱ्याच्या गाठी एकेक करून सोडल्या. आबांची गाठ, सुटता सुटेना. ताई पाहत होती. रबराच्या पट्ट्या आणि कातडे फडक्यात गुंडाळून मी माझ्या पिशवीत टाकले. उरले ते पेरूचे बेचके. गलोलीवर बंदी असेल. बेचक्यावर बंदी घालणारे राज्य अजून निघायचे आहे. सकाळी भाचा रुसला. मी त्याला जवळ बसवून साळुंकीची गोष्ट सांगितली. आजवर ती मी कुणालाच सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने विचारले, "किती वेळ लागला, गार व्हायला?" मी सांगितले, "अजून नीट झालेली नाही."

त्याने ते बेचके आपल्या टेबलावर उभे करून ठेवले आणि त्यात पेन्सिल अडकवली.

पुढच्या रविवारी दाजी आम्हाला लँबर्टव्हिलला घेऊन गेले. तिथे डेलावेअर नदीवर पायी ओलांडता येईल असा पूल आहे. अलीकडचे गाव न्यू जर्सीत, पलीकडचे न्यू होप पेनसिल्व्हेनियात. पुलाच्या मध्यावर भाचा कठड्याला धरून थांबला. "मामा, इथं उभं राहून मारली तर?" आम्ही सगळे हसलो; दाजीही. किती तरी दिवसांनी ते मोकळे हसले असतील. खाली नदी वाहत होती. तिला बिचारीला दोन्ही काठांच्या याद्या ठाऊक नव्हत्या.

मी परत आलो. गावी जाण्यासाठी एस.टी.त बसलो आणि वर्तमानपत्र उघडले, तर आतल्या पानावर नेहमीचा मजकूर : जिल्ह्यात पंधरा दिवसांसाठी मनाई आदेश. असा आदेश आपण शेकडो वेळा पाहतो आणि पान उलटतो. या वेळी मी तो शब्दन् शब्द वाचला. १९५१ सालच्या मुंबई पोलिस अधिनियमाचे, म्हणजे आता ज्याला महाराष्ट्र पोलिस अधिनियम म्हणतात त्याचे, कलम ३७. लाठ्या, सुऱ्या, भाले यांच्यापाठोपाठ त्यात येतात 'दगड अथवा इतर फेकण्याच्या वस्तू, आणि त्या फेकण्याची साधने'. म्हणजे गलोलही आली आणि आबांची गोफणही आली! सणावाराला जिल्ह्यात आदेश निघाला, की तेवढे दिवस माळ्यावर उभा राहून पाखरे हाकलणारा प्रत्येक कुणबी कायद्याच्या कोरड्या अक्षराखाली येतो. आणि कुणाच्या गावीही नसते. १९५९ सालच्या शस्त्र कायद्याने निव्वळ खेळणे असेल त्याला मोकळे सोडले आहे. पण १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राची व्याख्या इतकी रुंद आहे, की जिवाला इजा करू शकणारे कोणतेही साधन तिच्यात बसते. गलोल तीच. डब्यावर रोखली तर खेळणे, साळुंकीवर रोखली तर शस्त्र. मी हळूच पिशवीतले फडके चाचपले आणि वर्तमानपत्र मिटले.

आबा ओट्यावर बसले होते. पाणी पिऊन होते न होते तोच त्यांनी विचारले, "पोराचा नेम कसा हाय?"

खोटे बोलावे असे एकदा मनात आले. पण मी फडके त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळे सांगितले. राज्या-राज्यांचे कायदे सांगितले, दाजींची भीती सांगितली, गाठी मीच सोडल्या तेही सांगितले. आबा ऐकत होते. हाताने रबराची पट्टी चाचपत होते. त्यांना वाईट वाटले की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधीच कळलेले नाही.

"बेचकं दिलंस ना पोराजवळ?"

"दिलं."

"मग झालं तर." थोडा वेळ ते अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत राहिले. "म्हंजे तिथंबी कुणाच्या तरी पोरानं कधी साळुंकी मारली असणार. उगं कोण कायदा करतंय?"

मग त्यांनी फडके नीट गुंडाळले आणि माझ्या हातात दिले.

"कोनाड्यात ठेव. पोरगं येईल तवा इचारू, कशाला पाहिजे."